पळसाची नाहक बदनामी

फाल्गुन-चैत्रात शिंका सुरू झाल्या की महापेत पहिला संशय जातो तो फुलांवर. आसपासच्या डोंगरउतारांवर पळस, पांगारा फुललेले, खाली वसाहतींत आंब्याला मोहोर. मग ‘वसंत आला, परागकण वाढले’ हे निदान बसल्या जागी होतं. उत्तर युरोपात ते बरोबरही आहे. लंडनचा डिसेंबरातला दिवस आठ तासांहूनही लहान, जूनमधला साडेसोळा तासांचा. वाढत्या उजेडाबरोबर तिथे आधी बर्च आणि मग गवतं आपला पराग वाऱ्यावर सोडतात. महापे मात्र १९ अंश अक्षांशावर आहे. इथला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा, मोठा सव्वातेरा तासांचा. आपली गवतं पावसावर पोसतात आणि त्यांतली बरीचशी दिवस लहान होऊ लागले की, भाद्रपद-आश्विनात, तुऱ्यावर येतात. चैत्रात त्यांची काडी वाळून गेलेली असते. म्हणजे गवताच्या परागाचा आपला हंगाम वसंत नव्हे, पावसाची अखेर.

पळसाचं फूल मुळात वाऱ्यासाठी उमललेलंच नाही. भडक रंग आणि मध हा पक्ष्यांना दिलेला मोबदला. त्याचा पराग चिकट, तो पाहुण्याच्या अंगाला लागतो, रस्ता ओलांडून नाकात शिरत नाही. वाऱ्यावर विसंबणाऱ्या गवताला रंगही नको, वासही नको, म्हणून त्याच्या फुलाकडे कुणी बघत नाही आणि आरोपीच्या पिंजऱ्यातून ते सहज सुटतं. एप्रिलच्या सुमारास सावरीची बोंडं फुटून उडणारा कापूसही असाच विनाकारण अडकतो. तो नाकात हुळहुळेल, पण तो बी वाहून नेणारा तंतू आहे, पराग नाही.

‘मोहोराखाली उभं राहिलं की त्रास होतोच की!’ असं कुणी म्हणेल. होतो, काहींना नक्की होतो. पण मोहोराचा उग्र वास जवळून नाकाला झोंबणं वेगळं आणि हवेतल्या परागाची ॲलर्जी वेगळी. नारळ, एरंड यांसारख्यांचा पराग वाऱ्यावर पसरतो, हेही मान्य. तरी फाल्गुनातल्या शिंकांसाठी आधी हवेकडे बघावं: ऑक्टोबरनंतर पाऊस नाही, थंडी सरतानाच्या पहाटे हवा जमिनीलगत साचते आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरची धूळ, धूर तिच्यातच अडकून राहतात. गाद्या-उशांतले धूळकिडे तर बाराही महिने हजर.

त्रास कुठल्या महिन्यात वाढतो हे टिपून ठेवलं, तर डॉक्टरांना त्वचाचाचणी कशाची करायची ते ठरवणं सोपं जातं. आश्विनात तो वाढत असेल, तर कुंपणालगतचं गवत तुरा धरण्याआधीच कापून घ्यावं. पळसाच्या फांद्या छाटून काही साधणार नाही.