सेल्फ उचलत नाही, तेव्हा

१ जूनला मासेमारीबंदी लागू झाली की मिरकरवाडा, हर्णै, ससून डॉक इथल्या यांत्रिक बोटी विसावतात आणि वर्षभर तुंबलेली डागडुजी निघते. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर इंजिन पुन्हा सुरू करायची वेळ येते, आणि कुठल्या ना कुठल्या बोटीवर ठरलेली तक्रार ऐकू येते: सेल्फ उचलत नाही. पहिला संशय बॅटरीवर. ती चार्ज होऊन आली तरी तेच, म्हणून मग सेल्फ खोलतात, कार्बन बदलतात. केबलच्या टोकाला असलेल्या लगकडे, म्हणजे बंदरावरच्या बोलीत थिंबलकडे, नजर जाते ती सगळ्यात शेवटी. वरून तर ते ठीकच दिसत असतं.

हिशेब मांडला की हे दुर्लक्ष किती महागात पडतं ते कळतं. ५० चौरस मिलिमीटरच्या, वायरमनच्या तोंडी ‘पन्नास स्क्वेअर’च्या, लवचिक तांब्याच्या केबलचा रोध मीटरमागे सुमारे ०.३९ मिलीओहम असतो. बॅटरीपासून सेल्फपर्यंत जाऊन-येऊन सहा मीटर केबल आणि इंजिन फिरवताना ३०० अँपिअर धरले, तर वाटेत ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. तेवढं चालतं. पण एखादं थिंबल नीट दाबलं गेलं नाही आणि तिथे एकच मिलीओहम जादा आला, तर आणखी ०.३ व्होल्ट गेले आणि बोटभर नळीत ९० वॉट उष्णता तयार झाली. अडीच मीटर केबल फुकट वाढवावी तसं ते आहे. साधा मल्टिमीटर ओहमवर लावून हा एक मिलीओहम दिसत नाही. तो पकडायचा तर सेल्फ मारत असताना सांध्याच्या दोन बाजूंमधले व्होल्ट मोजावे लागतात.

सेल्फ काही सेकंदच चालतो, म्हणून असे सांधे वर्षानुवर्षं निभावून जातात. १२ व्होल्टच्या बॅटरीवर २००० वॉटचा इन्व्हर्टर लावला की मात्र निभावत नाही. तिथे सुमारे १७० अँपिअर तासभरही वाहू शकतात.

डाख न देता, नुसतं दाबून तांबं जोडायची कल्पना विजेच्या मोठ्या तारांवर वाढली. युक्रेनमध्ये जन्मलेले अमेरिकी अभियंते बर्न डिब्नर यांनी क्यूबातल्या वीजजाळ्यांच्या कामावर असताना चांगल्या जोडणीची अडचण ओळखली आणि १९२४ साली बर्न्डी ही कंपनी काढली. (हेच डिब्नर पुढे विज्ञानेतिहासाच्या दुर्मिळ ग्रंथांचे मोठे संग्राहक झाले. पहिल्या बॅटरीचे जनक व्होल्टा यांच्यावर त्यांनी लिहिलंही आहे.) १९४१ साली अमेरिकेतच एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स ही कंपनी उभी राहिली आणि बिनडाखाची टोकं युद्धातल्या विमानांवर व जहाजांवर गेली.

चांगलं दाबलेलं थिंबल हॅक्सॉने आडवं कापून पॉलिश पेपरवर घासून पाहावं. शेकडो बारीक तारा होत्या, हे आधी पटतच नाही. दाबाखाली गोल तारा एकमेकींना भिडून षटकोनी झालेल्या असतात, मधल्या फटी नाहीशा झालेल्या असतात, आणि नळीची भिंत कुठे संपते तेही चटकन सांगता येत नाही. हवा शिरायला जागा नाही, म्हणून आत ऑक्साइड धरत नाही. वाईट थिंबल कापलं की तारांमध्ये काळी भोकं दिसतात. छिन्नी-हातोड्याने ठोकलेल्यात बहुधा एका बाजूला तारा चेपून तुटलेल्या आणि दुसऱ्या बाजूला मोकळ्या असतात.

जुने मिस्त्री अजूनही म्हणतात, डाख भरा, निश्चिंत राहा. डाख विजेला वाईट नाही. पण तो तारांमधून वर चढतो आणि जिथे थांबतो तिथे लवचिक केबलची ताठ सळई झालेली असते. इंजिनाच्या थरथराटात ती नेमकी त्या कडेला तुटते. शिवाय सांधा तापला तर नेहमीचा कथील-शिशाचा डाख १८३ अंशांपासून मऊ पडायला लागतो. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचा ई-११ हा नियम डाखाला एकटा आधार मानत नाही. बॅटरीच्या लगला तेवढी सवलत आहे, तीही डाखाची पकड तारेच्या व्यासाच्या दीडपट लांब असेल तरच.

माझ्या मते खरं दुखणं हातोड्यापेक्षा बेमेळाचं आहे. लग दाबायचा हायड्रॉलिक क्रिंपर आणला म्हणजे काम झालं असं वाटतं. पण आपल्या बाजारात मिळणारे बरेच लग इमारतींतल्या जाड तारांच्या केबलसाठी असतात. बारीक तारांची लवचिक केबल त्याच मापाची असूनही जास्त फुगीर असते, ती नळीत शिरत नाही. मग वायरमन काय करतो? कडेच्या चार तारा छाटतो, बाकीच्या आत ढकलतो. ते नको असेल तर एक माप मोठं लग घेतो आणि ते पोकळ राहतं. क्रिंपरच्या साच्यावरचा, म्हणजे डायवरचा, आकडाही एका कंपनीचा दुसरीला लागू पडेलच असं नाही. डाय लहान पडली तर दोन्ही बाजूंना पातळ कान फुटतात, मोठी पडली तर केबल हाताने फिरते. त्यात स्वस्तातली वेल्डिंग केबल आली तर कापून पाहावी, कारण ती ॲल्युमिनियमचीही निघते.

खाऱ्या हवेत तांबं कळकतं, म्हणून बोटीला कल्हई केलेल्या तांब्याची केबल आणि लग हवेत. घरगुती पॅनेलच्या लगला तार पूर्ण शिरली की नाही ते पाहायला एक बारीक भोक असतं. बोटीवर नेमकं तेच नको, कारण त्यातून खारं पाणी तारांमधून केबलच्या पोटात ओढलं जातं आणि हातभर आतपर्यंत तांबं काळं पडतं. जोडावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवावी आणि कडेने गोंद बाहेर डोकावेपर्यंत तापवावी.

ई-११ मध्ये ओढून पाहायची कसोटीही आहे. साधारण ६७ चौरस मिलिमीटरच्या केबलला १५० पौंड, म्हणजे ६८ किलो, ताण मिनिटभर द्यायचा. नीट दाबलेला सांधा याच्या कितीतरी पट सोसतो, त्यामुळे ही परीक्षा अगदीच ढ सांधे तेवढे नापास करते.

एवढं सगळं जमल्यावरही बोल्टवर घोटाळा होतो. स्टेनलेस स्टीलचा रोध तांब्याच्या सुमारे चाळीसपट, आणि त्याचा वॉशर सवयीने लगच्या खाली, थेट तांब्याच्या वाटेत जातो. लग बॅटरीच्या बैठकीला टेकलेलं हवं, वॉशर त्याच्या वर आणि नट त्याहून वर. एकाच बोल्टवर दोन-तीन लग असतील तर सर्वांत जास्त अँपिअर वाहणारं तळाशी.