लॅपटॉप घेताना वॅट विचारा!

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. विजेच्या नियोजनाचे कामही त्याच खात्याकडे होते. तीच वीज आज अहिल्यानगर जिल्ह्यातील वस्त्यांमध्ये मुलांचा लॅपटॉप चालवते.

इंजिनिअरिंगच्या मुलामुलींसाठी पालक हप्त्यावर स्वस्त गेमिंग लॅपटॉप घेतात. येथेच फसगत होते. चित्रे रेखाटणाऱ्या चिपचे नाव एकच, पण ताकद वेगळी! ‘आरटीएक्स ३०५०’ ही चिप कुठे ३५ वॅटवर, तर कुठे ८० वॅटवर चालते. कमी वॅटची चिप मंद पडते. म्हणून दुकानदाराला चिपचे वॅट आधी विचारा.

आता विजेचा हिशेब. गेम खेळताना लॅपटॉप १२० वॅट घेत असेल, तर रोज ५ तासांचे महिन्याला १८ युनिट होतात. लिहिण्या-वाचण्याला २० वॅट धरले, तर तेवढ्याच वेळेचे ३ युनिट! वीज गेल्यावर बॅटरीवर चिपचा वेग उतरतो. अभ्यास मात्र चालू राहतो. लॅपटॉप गादीवर ठेवू नका; हवा कोंडून तो तापतो आणि मंदावतो.

बंधू-भगिनींनो, पैसा घामाचा आहे. नाव पाहून भुलू नका, पारखून घ्या. जयभीम!