मालकाची थैली आणि करंडकाचा भ्रम

कोल्हापूर जिल्ह्यात फुटबॉल हा केवळ करमणुकीचा विषय नाही. तो पेठापेठांच्या अस्मितेचा विषय आहे, आणि पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस ही संघांची नावे उच्चारताच शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जी ईर्षा उसळते, तीच रात्री दूरचित्रवाणीसमोर आर्सेनल, लिव्हरपूल किंवा मँचेस्टर युनायटेड यांच्या पाठीशी तेवढ्याच जिव्हाळ्याने उभी राहते. आमचे कबनूर याला अपवाद नाही. इचलकरंजीला खेटून असलेल्या या गावात दिवसपाळी सुटल्यावर कट्ट्यावर जमणारी तरुण मंडळी, खेळाडूंच्या हस्तांतराचा हंगाम आला, म्हणजेच ट्रान्स्फर विंडो उघडली, की एकच वाक्य निरनिराळ्या आवेशांत बोलू लागतात : ‘मालक चिक्कू आहे, त्याने पैसा सोडला असता तर करंडक आपलाच होता.’ हे वाक्य मी इतक्या वेळा आणि इतक्या शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे की, ते यापुढेही निमूटपणे ऐकून घेणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

या एका वाक्यात तीन गृहीतके दडलेली आहेत. खेळाडू विकत घेण्यावर जितका खर्च अधिक तितके यश अधिक, हे पहिले; मालकाची वैयक्तिक संपत्ती आणि क्लबचा खजिना या एकाच गोष्टी, हे दुसरे; आणि हात आखडता घेणे म्हणजे खेळाविषयी अनास्था, हे तिसरे. तिन्हींना पुराव्याचा आधार अत्यंत तोकडा आहे.

पहिल्या गृहीतकाची परीक्षा फार पूर्वीच झालेली आहे. पत्रकार सायमन कूपर आणि अर्थशास्त्रज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी १९७८ ते १९९७ या कालावधीतील चाळीस इंग्लिश क्लबांचे जमाखर्च तपासले, तेव्हा त्यांना असे आढळले की, गुणतक्त्यात कोणता क्लब वर आणि कोणता खाली या फरकाचा अवघा १६ टक्के भाग हस्तांतरावरील खर्चाने उलगडतो, तर खेळाडूंच्या पगारावरील खर्चाने तब्बल ९२ टक्के. जिंकणाऱ्या क्लबाची मिळकत वाढते आणि म्हणून तो पगारही अधिक देऊ शकतो, हा आक्षेप रास्त आहे. तरीही ज्या रकमेवर आपले सारे लक्ष खिळलेले असते ती रक्कमच यशाची इतकी दुबळी साक्षीदार ठरावी, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. तिचे कारणही स्पष्ट आहे. खरेदीची किंमत पुष्कळदा घाईने, नावाला भुलून, किंवा नुकत्याच संपलेल्या एखाद्या स्पर्धेतील दोनचार गोलांच्या प्रभावाखाली ठरते. पगार मात्र त्या खेळाडूच्या वर्षानुवर्षांच्या कर्तबगारीचे मोल असते.

एवढ्या लांबचा दाखला ज्यांना पटत नसेल त्यांनी पुण्याकडे पाहावे. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा बालेवाडीच्या मैदानावर एफसी पुणे सिटीने फ्रान्सचा विश्वविजेता दाविद त्रेझेगे याला उतरवले. पुढल्या वर्षी रुमानियाचा आद्रियान मुटू आला. २०१६ साली चेल्सी आणि बार्सिलोना या क्लबांकडून खेळलेला आइसलंडचा ऐदुर गुडयोनसेन करारबद्ध झाला, तो स्पर्धेपूर्वीच जायबंदी झाला आणि त्याच्या जागी मोहम्मद सिसोकोला आणावे लागले. ही नावे वाचताना आजही छाती फुगते. पण या तीन हंगामांत पुण्याला एकदाही उपान्त्य फेरी गाठता आली नाही. ती गाठली गेली २०१७-१८ मध्ये, जेव्हा संघाच्या आघाडीवर मार्सेलिन्यो आणि एमिलियानो अल्फारो हे दोघे होते, आणि या दोघांची पारख कोणा युरोपीय वृत्तपत्राच्या मथळ्यावरून नव्हे, तर याच लीगमधील दिल्ली आणि नॉर्थईस्ट यांच्यासाठी त्यांनी केलेल्या कामगिरीवरून झालेली होती. मुंबईने २०१४ साली फ्रेडी ल्युंगबर्ग आणि निकोला अनेल्का यांना आणले आणि आठ संघांत सातवा क्रमांक मिळवला. दिल्लीने अलेस्सांद्रो देल पिएरोला आणले. त्याने हंगामभरात एक गोल केला.

आता याच कथेचा उत्तरार्ध ऐकावा, कारण माझ्या मनाला खरी यातना त्यानेच होते. पुणे सिटीचे मालक आर्थिक अडचणीत आले आणि २०१९ साली क्लब बंद पडला. त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली आणि पुण्याचे अनेक खेळाडू तिकडे गेले. हैदराबादने मानोलो मार्केझ या प्रशिक्षकाच्या हाताखाली तरुण भारतीय खेळाडू घडवले आणि मार्च २०२२ मध्ये केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून करंडक जिंकला. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच त्या क्लबात पगार थकले, खेळाडूंनी फिफाच्या दरबारी फिर्यादी गुदरल्या, नवे खेळाडू नोंदवण्यावर बंदी आली, आणि २०२३-२४ चा हंगाम त्याने तळाशी राहून संपवला. करंडक होता, कीर्ती होती, प्रेक्षक होते. नव्हती ती फक्त दरमहा पगार बेबाक करण्याची ऐपत. सावध मालकाला शिव्या देणाऱ्या प्रत्येक तरुणाने ही दोन शहरे डोळ्यांसमोर ठेवावीत, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

खर्च निरर्थक आहे असे माझे प्रतिपादन मुळीच नाही. मुंबई सिटीत नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला, त्यानंतर २०२०-२१ मध्ये त्या संघाने लीग शील्ड आणि करंडक ही दोन्ही बिरुदे एकाच हंगामात पटकावली, आणि यात पैशाचा वाटा नव्हता असे कोण म्हणेल? परंतु तो पैसा नावांवर खर्च झाला नाही. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा गोव्याहून आला, आणि मुर्तादा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बूमू, मंदार राव देसाई हे त्याच्याच पद्धतीत मुरलेले खेळाडूही गोव्याहूनच आले. म्हणजे खरेदी झाली ती एका जुळून आलेल्या संघाच्या कण्याची.

दुसरे गृहीतक, मालक श्रीमंत म्हणजे क्लब श्रीमंत, याला महाराष्ट्राइतके सणसणीत उत्तर क्वचितच कोणी दिले असेल. महिंद्र युनायटेड २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता होता. त्याच्यामागे देशातील एक बलाढ्य उद्योगसमूह उभा होता. २०१० साली तो संघ विसर्जित झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी आय-लीगचा एकच हंगाम खेळला. पिरामल घराण्यातील उद्योगसमूहाने २००७ साली उभारलेला पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरला आणि तोही आज अस्तित्वात नाही. या उद्योगपतींकडे पैसा नव्हता काय? पुष्कळ होता. पण क्लबाची स्वतःची मिळकत नसेल आणि त्याचे आयुष्य एका माणसाच्या वा एका संचालक मंडळाच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर मालकाच्या संपत्तीचा आकडा समर्थकाला कोणतीही हमी देत नाही. २०२५ च्या जुलैत, भारतीय फुटबॉल महासंघाबरोबरचा करार डिसेंबरात संपणार म्हणून आयोजकांनी इंडियन सुपर लीगचा पुढील हंगामच स्थगित ठेवला आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीसारख्या प्रतिष्ठित क्लबाने खेळाडूंचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवले. अशा परिस्थितीत एखादा मालक पाच वर्षांचा करार लिहून देण्यास कचरत असेल, तर त्याला चिक्कू म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे.

तिसऱ्या गृहीतकासाठी थोडा हिशेब करावा लागेल. समजा, इंग्लंडातील एका क्लबाने पाच कोटी पौंडांना खेळाडू घेतला, त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला आणि आठवड्याला दोन लक्ष पौंड पगार ठरवला. वृत्तपत्रांत छापून येतो तो आकडा पाच कोटींचा. परंतु पाच वर्षांचा पगारच पाच कोटींहून अधिक होतो, आणि खेळाडू अपयशी ठरला तर एवढा पगार देणारा दुसरा क्लब सापडत नाही, म्हणून तो विकताही येत नाही. यंत्रमागाच्या या गावात हे समजावून सांगण्याची पाळी यावी याचे मला आश्चर्य वाटते. कारण माग घेताना दाम एकदाच मोजावे लागतात, पण सूत, मजुरी आणि विजेचे बिल दर महिन्याला उंबऱ्याशी उभे राहते, आणि सुताची तरतूद न करता माग घेणाऱ्याला आपण धाडसी म्हणत नाही.

शिवाय मालकाने ठरवले तरी तो वाटेल तितका तोटा सोसू शकत नाही. प्रीमियर लीगच्या, २०२५-२६ च्या हंगामापर्यंत कित्येक वर्षे अमलात असलेल्या नियमानुसार तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांपलीकडे तोटा दाखवणाऱ्या क्लबाचे गुण कापले जाऊ शकत. एव्हर्टनचे नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा गुण कापले गेले, अपिलात ते सहावर आले, आणि एप्रिलमध्ये आणखी दोन गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गेले. ‘खर्च करा’ म्हणून ओरडणारे समर्थक गुण गेल्यावर नियमाला दोष देतात. नियम आधीच छापलेला होता.

लीड्स युनायटेडने तर तिकिटांच्या भावी उत्पन्नाच्या तारणावर सहा कोटी पौंडांचे कर्ज उभारले. २००१ साली तो संघ चॅम्पियन्स लीगच्या उपान्त्य फेरीत होता, २००४ साली प्रीमियर लीगमधून बाहेर फेकला गेला, २००७ साली तिसऱ्या श्रेणीत पोहोचला, आणि पुन्हा प्रीमियर लीगमध्ये यायला त्याला २०२० साल उजाडले. त्या काळात शाळेत प्रवेश घेतलेला मुलगा तोवर नोकरीला लागला असेल.

आर्सेनलच्या भक्तांची एक तक्रार येथेच निकालात काढतो. नवे स्टेडियम २००६ साली खुले झाले, त्याच्या कर्जाचे हप्ते फेडताना क्लबाने काटकसर केली आणि २०१४ पर्यंत एकही करंडक मिळाला नाही, हे खरे. पण या साऱ्या कालखंडाचा दोष मालक स्टॅन क्रोएंके यांच्या माथी मारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, ते भागधारक झाले २००७ मध्ये आणि बहुसंख्य भागांचे धनी झाले २०११ मध्ये. स्टेडियमचा निर्णय त्यांचा नव्हता.

तरीही समर्थकांचा प्रत्येक रोष अज्ञानातून येतो असे मानणे मला मान्य नाही. मँचेस्टर युनायटेड २००५ साली ग्लेझर कुटुंबाने घेतला तो मोठ्या प्रमाणावर कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबाच्याच खात्यावर चढवले. तेव्हापासून प्रेक्षकांच्या तिकिटाच्या पैशातून व्याज जात राहिले, यावर संतापण्याचा त्या प्रेक्षकांना पूर्ण अधिकार आहे. न्यूकॅसलमध्ये मालक माइक अॅश्ली यांच्या २००७ ते २०२१ या कारकिर्दीत संघ दोनदा खालच्या श्रेणीत घसरला. तेथील समर्थकांचा क्षोभ साधार होता. सावधपणा आणि उपेक्षा यांत भेद आहे. जो पैसा वाचतो तो मैदानात, प्रशिक्षणात, तरुणांच्या अकादमीत जातो की मालकाच्या किंवा सावकाराच्या खिशात, या प्रश्नाने तो भेद उघड होतो.

आता किरकोळ समजुतींचा परामर्श. तारांकित खेळाडूचे सदरे विकून त्याची किंमत वसूल होते, ही समजूत खोटी. विक्रीचा मोठा वाटा सदरे बनवणाऱ्या कंपनीकडे जातो आणि क्लबाला बहुधा अल्प हिस्सा मिळतो. खेळाडू विकला म्हणजे सगळी रोकड त्याच दिवशी हाती येते, हेही खोटे. रकमा हप्त्यांनी येतात. करार संपलेला खेळाडू फुकट मिळतो असे म्हणणारे त्याचा पगार आणि करारावर सही करतानाचे घसघशीत मानधन विसरतात. विक्री म्हणजे माघार नव्हे : लिव्हरपूलने जानेवारी २०१८ मध्ये कुटिन्यो बार्सिलोनाला विकला, त्याच वर्षी व्हॅन डाइक आणि अॅलिसन घेतले, २०१९ मध्ये युरोपचे अजिंक्यपद आणि २०२० मध्ये तीस वर्षांनी लीग जिंकली. आणि हस्तांतराची रक्कम केवळ विकणाऱ्या क्लबाची असते असेही नाही. फिफाच्या नियमानुसार आंतरराष्ट्रीय हस्तांतराच्या रकमेतील पाच टक्के, त्या खेळाडूला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे असतात. ज्या जिल्ह्याने २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात अनिकेत जाधवसारखा खेळाडू दिला, त्या जिल्ह्यातील मंडळांनी आपल्या मुलांची नोंदणी आणि दप्तर चोख ठेवण्याचे हे एक पुरेसे कारण आहे.

आपल्या तालमींच्या संघांना मालक नसतो. ते संघ वर्गणीवर, देणगीवर आणि कार्यकर्त्यांच्या पदरमोडीवर उभे राहतात, आणि बाहेरचा खेळाडू आणायचा म्हटले की त्याचा खर्च कोण, किती आणि केव्हा देणार हा प्रश्न बैठकीत प्रथम विचारला जातो. हाच प्रश्न मुंबईच्या, लंडनच्या, मँचेस्टरच्या क्लबांविषयी विचारताना मात्र आपण थांबतो. माझी कबनूरच्या आणि इचलकरंजीच्या फुटबॉलप्रेमी तरुणांना विनंती आहे की, मालकाने किती पैसे ओतले हे विचारण्यापूर्वी त्याने पगार वेळेवर दिले काय, कर्ज कोणाच्या नावावर आहे, आणि मिळकतीचा केवढा भाग पगारात जातो, हे तीन प्रश्न विचारावेत. इंग्लिश क्लबांचे वार्षिक ताळेबंद तेथील कंपनी निबंधकाच्या दप्तरात दाखल होतात आणि घरबसल्या मोबाइलवर विनामूल्य वाचता येतात.