ताक कां कळकतें?

गेल्या श्रावणांत आमच्या मुलुंडच्या घरीं एक प्रसंग घडला. सूनबाईंनीं माळ्यावरचें जुनें पितळी पातेलें हौसेनें घासून काढलें व त्यांत कढी केली. दुपारची कढी रात्रीं हिरवट दिसूं लागली. ती खाऊन धाकट्या नातवास वांत्या झाल्या. कढी कळकली होती. पातेल्याची कल्हई केव्हांच उडालेली! तीस वर्षें मुलांना धातु व अधातु शिकविणाऱ्या आम्हांस तें वेळीं दिसलें नाहीं, याची लाज वाटली.

धातूचें बाह्य रूप सर्वांच्या परिचयाचें आहे. तांब्यास तेज असतें. ठोकलें तर पत्रा होतो, ओढलें तर तार निघते. उष्णता व वीज त्यांतून सहज वाहतात. उलट, गंधकाचा खडा ठोकला तर चुरा होतो आणि वीज त्यांतून जात नाहीं. परंतु केवळ रूपावरून केलेली पारख फसते. पारा पातळ असूनही धातु आहे. पेन्सिलींतील ग्राफाइट अधातु असूनही वीज वाहून नेतें.

खरा भेद स्वभावांत आहे. रासायनिक संयोगांत धातु आपले इलेक्ट्रॉन देतो, अधातु ते घेतो. गंधक तांब्यास असाच ग्रासतो. म्हणून कीं काय, संस्कृतांत त्याला ‘शुल्बारि’, म्हणजे तांब्याचा शत्रु, असें नांव आहे. दोघांचीं ऑक्साइडेंही भिन्न प्रकृतीचीं. चुनकळी पाण्यांत पडली कीं अल्क होतें व हळद लाल करतें. गंधकाचा धूर पाण्यांत मिसळला कीं आम्ल होतें.

आतां कढीकडे वळूं. पितळ म्हणजे तांबें व जस्त. हवेंतील ऑक्सिजन हा अधातु ताकाच्या आम्लाच्या साह्यानें तांब्याचे इलेक्ट्रॉन हिरावून घेतो, आणि तांब्याचे क्षार अन्नांत उतरतात. हेंच कळकणें. कल्हईचें कथील हाही धातूच. पण ताकाच्या सौम्य आम्लास तो सहसा दाद देत नाहीं. तांबें वितळण्यास १०८५ अंश सेल्सिअस उष्णता लागते, कथिलास २३२ अंश पुरते. म्हणून भांड्यास धक्का न लागतां कथील आंत पसरतें. नवसागर आधीं ऑक्साइडाचा थर दूर करतो, तेव्हांच कथील धरतें.

हल्लीं पितळी भांडीं घरोघरीं पुन्हा हौसेनें येत आहेत, कल्हईवाल्याची हांक मात्र दुर्मिळ झाली आहे. म्हणून गृहिणींस विनंती कीं, भांडें आंतून पांढरें आहे ना, हें आधीं पाहावें. पिवळेपणा दिसूं लागल्यास ताक, चिंच, आमसूल त्यांत घालूं नये. नातू दोन दिवसांत बरा झाला. पातेलें मात्र कल्हई होईपर्यंत आम्हीं माळ्यावरच ठेवलें आहे.