बोललेला शब्द आणि टाकलेली चिप

पैजेच्या खेळात भांडण होते ते बहुधा हरण्यावरून नव्हे, तर किती लावले होते आणि केव्हा लावले होते यावरून. हरणारा म्हणतो, शंभरच लावले होते. जिंकणारा म्हणतो, पाचशे. साक्षीदार असतात, परंतु तेही कोणत्या ना कोणत्या बाजूने पैसे लावून उभे असतात. कागद नसतो, पावती नसते आणि न्यायालयाचा दरवाजाही बंद असतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल ठरतो. जिंकलेली रक्कम मिळावी म्हणून दावा लावता येत नाही. जिथे कायदा मदतीला येत नाही, तिथे रीत उभी राहते. पोकर या पत्त्यांच्या खेळात चिप्स लावण्याचे जे शिष्टाचार जगभर पाळले जातात, त्यांचे मूळ याच साध्या गरजेत आहे.

जंगलातील रिंगण

ही गरज अगदी उघड्या रूपात पाहायची, तर महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडे वळावे लागते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. प्राणहिता, इंद्रावती आणि गोदावरी या नद्यांच्या आधाराने तेलंगणा आणि छत्तीसगडला भिडलेल्या या वनप्रदेशात, तसेच सीमेपलीकडेही, कोंबड्यांच्या झुंजींची परंपरा जुनी आहे. धान कापून झाले, हाती थोडा पैसा आला, की गावाबाहेर एखाद्या मोकळ्या जागी ‘कोंबड बाजार’ भरतो. कोंबड्याच्या पायाला ‘काती’ नावाचे धारदार पाते बांधले जाते आणि झुंज अनेकदा काही क्षणांतच संपते.

कोंबड्यांच्या मालकांची पैज आपापसांत ठरलेली असतेच. परंतु रिंगणाभोवतीच्या गर्दीतही पैजा लागतात. तेथे टेबल नाही, चिप्स नाहीत आणि पत्ते वाटणारा डीलरही नाही. एकाने एक कोंबडा पुकारायचा, दुसऱ्याने समोरचा घ्यायचा आणि रक्कम दोघांनी तोंडाने बोलायची. झुंज सुरू होण्यापूर्वी बोललेला शब्द हीच तेथील चिप.

या बाजाराला कायद्याची मान्यता नाही. महाराष्ट्रात लागू असलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचे कलम १२ सार्वजनिक ठिकाणी पक्षी वा प्राणी झुंजवणाऱ्यालाही लागू होते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम ११ प्राण्यांना झुंजीस चिथावणे आणि अशा झुंजींसाठी जागा चालवणे हा गुन्हा मानते. पोलिसांच्या धाडी पडतात, कोंबडे आणि काती जप्त होतात. मुक्या जिवाला होणारी यातना हा या प्रथेवरचा पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप आहे. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जेथे सारेच बेकायदा, तेथेही पैज लावण्याची रीत असते. किंबहुना तेथे ती अधिक कडक असावी लागते, कारण तक्रार घेऊन जाण्याचे ठिकाणच नसते.

बेहड्यापासून चिप्सपर्यंत

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात आढळणाऱ्या बेहड्याचे जुगाराशी नाते फार जुने आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याची जी व्यथा येते, तिच्यातील फासे या विभीतकाच्या, म्हणजे बेहड्याच्या, फळांचे आहेत. पुढे कवड्या आल्या, नाणी आली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर द्यूतावर देखरेख ठेवणारा अधिकारी सांगितला आहे. जुगार एकाच ठिकाणी चालवावा, खेळाचे साहित्य शासनाने पुरवावे आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावे, अशी ती व्यवस्था होती.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात पोकर पसरला, तेव्हा आरंभी टेबलावर नाणी, सोन्याची भुकटी, नाना वस्तू येत. त्यांचे मोल ठरविण्यात वाद होत. सारख्या आकाराच्या, रंगावरून किंमत कळणाऱ्या चकत्या आल्या आणि तो वाद मिटला. चिप हे पैशाचे सोंग खरे. पण तिचे मुख्य काम पैज सर्वांना एकाच नजरेत मोजता यावी हे आहे. चिप्सचे बहुतेक शिष्टाचार याच एका सूत्रातून निघतात.

पाळी, शब्द आणि हालचाल

पहिला नियम पाळीचा. पोकरमध्ये खेळ डावीकडे सरकत जातो आणि आपली पाळी येण्याआधी चिप्स पुढे करणे अशिष्ट मानले जाते. याचे कारण केवळ सभ्यता नव्हे. पलीकडचा खेळाडू मोठी रक्कम लावणार, हे आधीच कळले, तर अलीकडच्याला फुकटात माहिती मिळते आणि तिसऱ्या कुणाचे तरी नुकसान होते.

दुसरा नियम बोललेल्या शब्दाचा. आपल्या पाळीत ‘कॉल’ म्हणजे बरोबरी, ‘रेज’ म्हणजे वाढ किंवा ‘फोल्ड’ म्हणजे माघार, असे जे उच्चारले ते बांधून घेते. मागाहून हाताने काहीही केले, तरी शब्द बदलत नाही. न बोलता चिप टाकली, तर तिचाही अर्थ ठरलेला आहे. समजा, बरोबरीसाठी शंभर हवे आहेत आणि खेळाडूने गुपचूप पाचशेची एकच चिप पुढे सरकवली. ती वाढ धरली जात नाही. बरोबरी धरून चारशे परत दिले जातात. वाढ करायची असेल, तर चिप टेबलाला टेकण्याआधी तसे बोलले पाहिजे.

तिसरा नियम एका हालचालीचा. चित्रपटांत एखादा खेळाडू शंभर पुढे सारतो, समोरच्याच्या डोळ्यांत पाहतो आणि म्हणतो, ‘आणि वर आणखी तीनशे!’ पडद्यावर हे शोभते. टेबलावर यास मनाई आहे. पहिल्या हालचालीत जे गेले तेवढेच मोजले जाते. अन्यथा थोड्या चिप्स टाकून समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि मग रक्कम वाढवायची की नाही हे ठरवायचे, अशी लबाडी सहज साधता येईल. एक तर पूर्ण रक्कम आधी बोलावी, नाहीतर सगळ्या चिप्स एकदम पुढे ठेवाव्यात.

चौथा नियम, चिप्स मधल्या ढिगात भिरकावू नयेत. त्या आपल्यासमोर, थोड्या अंतरावर, नीट रचून ठेवाव्यात. डीलर किंवा शेजारी मोजेल आणि मगच त्या ढिगात मिसळल्या जातील. एकदा मिसळल्या, की कुणी किती टाकल्या हे सांगता येत नाही आणि सगळा खेळ पुन्हा ‘शंभर की पाचशे’ या भांडणावर येतो. २००१ साली स्थापन झालेल्या टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन या संघटनेने स्पर्धांसाठी अशा नियमांची संहिता केली आणि अनेक देशांतील स्पर्धा तिचा आधार घेतात.

समोर आहे तेवढेच

पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा. खेळाडूने आपल्या सर्व चिप्स टेबलावर, इतरांना दिसतील अशा ठेवाव्यात; मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे असाव्यात, मागे दडवलेल्या नसाव्यात. डाव चालू असताना खिशातून नवी भर घालता येत नाही आणि जिंकलेल्या चिप्स गुपचूप खिशात टाकून पुन्हा थोडक्यावर खेळताही येत नाही. त्या डावात पणाला लागू शकते ते फक्त समोर असलेले. त्यामुळे डाव ऐन रंगात असताना घर, घड्याळ वा गाडी टेबलावर येऊ शकत नाही.

हा नियम मोडल्यावर काय होते, हे महाभारताच्या सभापर्वाइतके स्पष्टपणे क्वचितच कुठे सांगितले गेले असेल. युधिष्ठिर प्रत्येक पैज मोठ्याने उच्चारतो. त्या बाबतीत रीत चोख आहे. परंतु समोरचे संपल्यावर तो भावांना, स्वतःला आणि शेवटी पत्नीला पणाला लावतो. स्वतःला आधीच हरलेल्या माणसाला दुसऱ्या कुणाला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, हा द्रौपदीचा प्रश्न नीतीचा आणि धर्माचा आहेच. पण तो पैजेच्या मर्यादेचाही आहे. सभेला त्याचे उत्तर देता आले नाही.

नियम कुठे संपतात

ज्या महाराष्ट्रीय वाचकाला हे शिष्टाचार प्रत्यक्ष पाहायचे असतात, त्याच्यासाठी जवळचे ठिकाण म्हणजे गोवा. तेथील १९७६ च्या कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांमुळे पणजीला मांडवी नदीतील जहाजांवर कॅसिनो चालतात. तेथे डीलर नोटा हातातून घेत नाही. त्या टेबलावर ठेवाव्या लागतात, म्हणजे त्या सर्वांना आणि कॅमेऱ्यालाही दिसतात. महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोंसंबंधी कायदा केला होता; तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली तो रद्द करण्याचा निर्णय झाला. पोकर कौशल्याचा खेळ की नशिबाचा, यावर निरनिराळ्या उच्च न्यायालयांची मते वेगळी पडली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले. त्याच निकालात तीन पत्तीसारख्या खेळाला मात्र निव्वळ नशिबाचा म्हटले.

शिष्टाचारांचे खरे मोल आणि त्यांची मर्यादा ही दोन्ही ऑनलाइन खेळांनी दाखवून दिली. संगणकावर पाळी चुकत नाही, दोन हालचालींत पैज वाढत नाही, चिप्स मिसळत नाहीत. रीत मोडणे तेथे जवळजवळ अशक्यच असते. तरीही व्यसन, कर्ज आणि उद्ध्वस्त झालेली कुटुंबे हा विषय संसदेपर्यंत गेला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत झाला.

याचा अर्थ स्पष्ट आहे. पैज लावण्याची रीत समोरच्याला फसवणुकीपासून वाचवते. खेळणाऱ्याला स्वतःपासून वाचवत नाही. गडचिरोलीच्या गावांत रोख पैसा वर्षातून मोजक्याच वेळा हाती येतो, धानाच्या विक्रीनंतर आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात. रिंगणाकाठी शब्द कितीही इमानाने पाळला गेला, तरी हरलेला पैसा बियाण्याचा, औषधाचा आणि शाळेचा असतो. शहरात दिवाळीच्या बैठकीला रंगीत चिप्सचा डबा उघडला जातो, तेव्हा धोका वेगळ्या रूपात येतो. नोट मोजताना थबकणारा हात चिप सरकवताना थबकत नाही.

म्हणून घरच्या टेबलावर चिप्सना पैशाचे मोल न देता खेळणे सर्वांत बरे. पाळी, शब्द, हालचाल आणि मोजणी या साऱ्या रीती तशाही पाळता येतात आणि खेळाची चुरसही कमी होत नाही. समोर आहे तेवढेच पणाला लागते, हा नियम टेबल पाळून घेते. समोर काय ठेवायचे आणि काय घरीच ठेवायचे, हे मात्र बसण्यापूर्वी ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.