गदा, ढाल आणि घाटाखालची पोरं



पट्टा पडत आला, गव्हाणीतली मोळी सरत आली, की आपल्याकडे यात्रांचे दिवस सुरू होतात. सकाळी रेवड्यांवरच्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, आणि दिवस कलला की शेवटची निकाली कुस्ती. तिचे इनाम किती, हे आठ दिवस आधीपासून पारावर बोलले जाते. खेळाचा सन्मान कसा करावा, हे आपल्या माणसाला कुणी शिकवायला नको. फेटा, नारळ, रोख रक्कम, आणि गावभर मिरवणूक. पण फेटा उतरल्यावर त्या पोराचं पुढं काय होतं, हे बघायला मात्र सहसा कुणी थांबत नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

पुरस्कार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पहिली येते ती महाराष्ट्र केसरीची गदा. मामासाहेब मोहोळ यांनी १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी केली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९६१ साली, तेव्हाच्या औरंगाबादेत दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. तेव्हापासून ही स्पर्धा गावोगाव फिरते आहे. काही वर्षी किताब कुणालाच मिळाला नाही, काही वर्षी स्पर्धाच झाली नाही. पण साठ वर्षांहून अधिक काळ ही परंपरा टिकली. आपल्या साखरपट्ट्यातले अकलूज १९७६ साली या स्पर्धेचे यजमान होते. त्या वर्षी हिरामण बनकर यांनी किताब मारला. कोकणपट्टीलाही हा मान मिळालेला आहे. १९७१ ला अलिबाग, तिथे दादू चौगुले; १९७४ ला ठाणे, तिथे युवराज पाटील; १९८० ला खोपोली, तिथे इस्माईल शेख. म्हणजे घाटाखाली कुस्तीचे कौतुक नाही असे कुणी म्हणू नये.

आता सागवानी लाकडावर चांदीचा पत्रा मढवलेली जी गदा विजेत्याच्या खांद्यावर दिसते, ती मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबाकडून दिली जाते. मातीवरचा विजेता आणि गादीवरचा विजेता यांची अखेरची लढत होते आणि जिंकणारा गदा उचलतो. मुलींसाठी मात्र २०२३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. पुरुषांची स्पर्धा सुरू झाल्यानंतर बासष्ट वर्षांनी! उशीर झाला, पण झाले हे बरे झाले.

या सगळ्या मल्लांना आपण हौशी खेळाडू म्हणतो. शब्द मोठा गोड आहे. हौसेला मोल नाही असे आपल्याकडे म्हणतात. पण बंधूंनो, खुराकाला मोल आहे. दूध, तूप, बदाम, थंडाई, तालमीतली खोली, लंगोट-बूट, स्पर्धेला जायचा एस.टी.चा खर्च. हे सगळे कुणीतरी भरत असते. बाप भरतो, नाहीतर वस्ताद भरतो, नाहीतर पोरगं तालीम सोडून देतं.

इथे साखर कारखान्यांचे नाव अभिमानाने घ्यायला हवे. कोल्हापूर भागात कारखान्यांनी मल्लांना मानधन देण्याची पद्धत पाडली. कागलचा शाहू कारखाना किंवा कुडित्र्याचा कुंभी-कासारी यांच्या मानधन कुस्ती स्पर्धा प्रसिद्ध आहेत. पोरांच्या वजनगटाप्रमाणे कुस्त्या घ्यायच्या, जिंकेल त्याला ठरावीक मानधन बांधून द्यायचे, आणि पुढच्या स्पर्धेत त्याने पुन्हा आपला दम दाखवायचा. वारणेला तात्यासाहेब कोरे यांच्या स्मृतिदिनी मोठे मैदान भरते. यातली खुबी कशात आहे ते लक्षात घ्या. गदा ही जिंकल्यावर मिळते. मानधन हे जिंकण्याच्या आधी मिळते. पीक आल्यावर बाजारात कौतुक करणारे पुष्कळ. लागणीच्या वेळी बेणे आणि खत देणारा मात्र एखादाच असतो. आणि ते मानधन येते कुठून? सभासदाच्या उसातूनच ना.

आधी मदत आणि मागून सन्मान, यातले अंतर किती असू शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या कऱ्हाड तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसा नव्हता. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले, ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, गाव लोटले. मग काय? पुढे पोलीस खात्यात नोकरी झाली. १९८४ साली खाशाबा गेले. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो २००० सालचा, मरणोत्तर! पदकानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो, ही समाधानाची गोष्ट आहे. पण माणसाच्या हयातीत पाठीवर थाप पडली असती तर ती त्याला समजली असती.

सरकारी पुरस्कारांकडे वळू. आपल्या राज्याचा शिवछत्रपती क्रीडा पुरस्कार १९६९-७० पासून दिला जातो. खेळाडू, मार्गदर्शक, दिव्यांग खेळाडू, साहसी खेळ, जीवनगौरव, असे त्याचे विभाग आहेत. २०२३ साली खेळाडूची रक्कम एक लाखावरून तीन लाख झाली. राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतल्या पदकांचे गुण मोजून निवड होते. तेव्हा हा पुरस्कार बहुधा त्याच्याकडे जातो, जो आधीच पुष्कळ वर चढलेला आहे. त्यात गैर काही नाही. राज्याचा सर्वोच्च मान तसाच असायला हवा.

पण त्याच्या खाली एक पायरी आहे, तिची माहिती आपल्या फार थोड्या सभासदांना असते. ती म्हणजे जिल्हा क्रीडा पुरस्कार. गुणवंत खेळाडू, यात पुरुष, महिला आणि दिव्यांग, शिवाय क्रीडा मार्गदर्शक यांना प्रमाणपत्र, स्मृतिचिन्ह आणि दहा हजार रुपये मिळतात. महाराष्ट्र दिनी, नाहीतर दुसऱ्या एखाद्या ध्वजवंदनाच्या सोहळ्यात पालकमंत्र्यांच्या हस्ते हा सन्मान होतो. दहा हजार म्हणजे काही मोठी रक्कम नव्हे, दोन जोड बूट आणि चार महिन्यांचे दूध. तरी जिल्ह्याच्या कचेरीपुढे हजार माणसांत पोरीचे नाव पुकारले जाते, तेव्हा तिच्या बापाची मान ताठ होते, आणि पुढच्या वर्षी तिला शेतावर थांब म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. माझ्या मते या पुरस्काराचे खरे मोल तेवढेच आहे, आणि ते थोडे नाही.

आता घाटाखाली उतरू. आपल्यापैकी कितीतरी जण माळव्याची गाडी घेऊन रात्री-अपरात्री माळशेज उतरतात. मोरोशी, टोकावडे, सरळगाव, मुरबाड करीत कल्याणच्या मार्केटला पोचतात. म्हशाच्या यात्रेला बैल बघायला जाणारेही आहेत. पण त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना जो मुलूख आहे, मुरबाड आणि पलीकडचा शहापूर, त्याची आपल्याला गाडीच्या काचेतून दिसते तेवढीच ओळख. तिथे ऊस नाही. भात, नाचणी, वरई आणि जंगल. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, आगरी अशी वस्ती. तानसा, भातसा, वैतरणेचे पाणी तिथून मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर बाया डोक्यावर हंडे घेऊन टेकडी चढतात. ऊस नाही म्हणून कारखाना नाही, आणि कारखाना नाही म्हणून मानधन नाही. कोल्हापूरच्या पोराला जी पहिली पायरी घराजवळ सापडते, ती डोळखांब-किन्हवलीच्या पोराला सापडतच नाही.

पोरांच्या पायात मात्र दम आहे. माहुलीचा आणि गोरखगडाचा चढ ज्यांच्या रोजच्या नजरेपुढे, त्यांना धावणे वेगळे शिकवावे लागत नाही. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धा होतात, आधी प्रकल्पाच्या, मग विभागाच्या, मग राज्याच्या. शहापूरला प्रकल्प कार्यालय आहे. कबड्डी, खो-खो, धावणे, फेकीचे खेळ यांत ही पोरे भाग घेतात. गावोगावची कबड्डी मंडळेही आहेत. रात्रभर दिव्यांच्या उजेडात सामने, पहाटे ढाल आणि चषक. घराघरात फळीवर अशा ढाली मांडलेल्या दिसतात.

आणि नेमकी तिथेच गोम आहे. मंडळाच्या ढालीला सरकारदरबारी किंमत नाही. पुरस्काराच्या गुणांत, परीक्षेच्या सवलतीच्या गुणांत, किंवा नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के राखीव जागांत, जी २००५ सालापासूनची सोय आहे, मोजली जाते ती फक्त मान्यताप्राप्त संघटनेच्या अगर शालेय खात्याच्या स्पर्धेची कामगिरी. तेही प्रमाणपत्र विभागीय उपसंचालकांकडून तपासून घ्यावे लागते. मध्यंतरी बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली, तेव्हापासून तपासणी कडक झाली. योग्यच झाले. परंतु चोरासाठी लावलेले कुलूप घरधन्यालाही उघडावे लागते. पाड्यावरच्या पोरीने पाच वर्षे रात्रीच्या सामन्यांत चढाया केल्या, तरी जिल्हा संघटनेकडे तिची नोंद नसेल तर कागदावर ती खेळलीच नाही!

शिवाय शालेय स्पर्धेत महापालिकांची शहरे वेगळी आणि ठाणे ग्रामीण वेगळे असते. तिथे शहापूरच्या मुलाला निदान आपल्या बरोबरीच्यांशी खेळता येते. पण जिल्हा पुरस्काराला सबंध जिल्हा एक. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. तरीही ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली या शहरांतले पोहण्याचे तलाव, सिंथेटिक मैदाने आणि पगारी प्रशिक्षक एका बाजूला, आणि मुरमाच्या मैदानावर अनवाणी पळणारी पोर दुसऱ्या बाजूला, दोघांचे अर्ज एकाच टेबलावर जातात. तालुक्याच्या किंवा ग्रामीण भागाच्या वाट्याला एखादा वेगळा पुरस्कार ठेवला तर कुणाचे काही बिघडणार नाही, असे आम्हांस वाटते.

डोंगरातून वर येता येते, हे कविता राऊतने दाखवले आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची ही मुलगी. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक, २०१२ ला अर्जुन पुरस्कार. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या अंतिम शर्यतीत पळाली. पण कविताला नाशिकमध्ये विजेंद्रसिंग यांच्यासारखे प्रशिक्षक भेटले, हे विसरू नये. पायात दम असून भागत नाही, तो कुणाच्यातरी नजरेस पडावा लागतो. आश्रमशाळेतला एखादा खेळाचा शिक्षक संध्याकाळी घरी न जाता पोरांना पळवतो, ती नजर त्याची. म्हणून मार्गदर्शकाचा जो पुरस्कार आहे, तो खेळाडूच्या पुरस्काराइतकाच मोलाचा समजला पाहिजे. त्याचा अर्ज भरायला मात्र त्या शिक्षकाला स्वतःच स्वतःची थोरवी लिहावी लागते, आणि भल्या माणसाला ते जमत नाही. गावाने ते काम अंगावर घ्यावे.

तुम्ही विचाराल, घाटाखालच्या पोरांचे आम्हांला काय? एक म्हणजे, कांदा काढणीला आणि इतर कामांना घाटाखालून येणारी माणसे आपल्याच बांधावर राबतात. दुसरे, आपल्या तोडणीच्या टोळ्यांबरोबर पोरे येतात, वाढ्याच्या भाऱ्यावर बसून फडात दिवस काढतात. त्यांच्या पायात काय आहे ते आपण कधी पाहिले? एकाही टोळीवर पोरांची शर्यत लावून बघितली नाही. तिसरे, आपल्या स्वतःच्या घरची गोष्ट. कारखान्यांचे मानधन म्हणजे कुस्ती, असे समीकरण होऊन बसले आहे. कुस्ती आपला श्वास आहे, तिचा एक रुपयाही कमी होऊ नये. पण आज सभासदाची मुलगी धावते, कबड्डी खेळते, नेमबाजी करते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, म्हणजे खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या मातीत वैयक्तिक पदक आले, तेही बंदुकीच्या खेळात. मानधनाची यादी जरा रुंद करावी, तीत दोन नावे मुलींची आणि एखादे टोळीवरच्या पोराचे असावे, हा विषय वार्षिक सभेत कुणी सभासदाने मांडला तर टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्ही पुढे असू. टनामागे पैशा-दोन पैशांचाच तो प्रश्न आहे.

तोवर एवढे तरी करावे. ज्यांच्या घरी खेळणारे पोर आहे त्यांनी प्रत्येक स्पर्धेचे मूळ प्रमाणपत्र, संघाच्या यादीची नक्कल आणि वर्तमानपत्रातले कात्रण एका पिशवीत घालून माळ्यावर नव्हे, ट्रंकेत ठेवावे; पावसाळ्यात गळतीने भिजलेल्या कागदावर शिक्का वाचता येत नाही. पोराचे नाव जिल्हा संघटनेत नोंदले आहे की नाही, ते त्याच्या शिक्षकाला विचारून घ्यावे. मंडळांनी आपली रात्रीची स्पर्धा संघटनेच्या परवानगीने आणि तिच्या पंचांकडून घ्यावी, म्हणजे खेळणारा संघटनेच्या नजरेत आणि नोंदीत येईल. आणि जिल्हा पुरस्काराचे अर्ज मागवल्याची जाहिरात जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून निघते, ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत असते. कुणाच्या नजरेस पडली तर गट ऑफिसच्या फळ्यावर तेवढी चिकटवून ठेवावी, ही विनंती.