मॉरिशसच्या सागरी पर्यावरणाचे रक्षण आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य : 'वाकाशिओ' दुर्घटना व ठाणे खाडीचा संदर्भ

प्रस्तावना

हिंदी महासागरातील मॉरिशस हे द्वीपराष्ट्र मराठी वाचकास परके नाही. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून तेथे गेलेल्या भारतीयांत मराठी भाषकही होते. त्यांच्या वंशजांनी भाषा व गणेशोत्सव जपला असून गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. अशा राष्ट्राचा समुद्र संकटात सापडतो तेव्हा जग त्याच्या मदतीस कसे येते आणि त्या मदतीच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दुर्घटनेचे स्वरूप

२५ जुलै २०२० रोजी 'एमव्ही वाकाशिओ' हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावरील पॉइंट देस्नी येथे प्रवाळखडकावर अडकले. जहाजाची मालकी जपानी, ध्वज पनामाचा व कप्तान भारतीय होता. ते ब्राझीलकडे रिकामे निघाले होते. परंतु त्यात स्वतःच्या इंजिनासाठीचे सुमारे ३,८०० टन इंधनतेल होते. बारा दिवसांनी, ६ ऑगस्टला गळती सुरू झाली व सुमारे १,००० टन तेल समुद्रात पसरले. ७ ऑगस्टला शासनाने पर्यावरणीय आणीबाणी जाहीर केली.

हे ठिकाण अत्यंत संवेदनशील आहे. जवळच ब्लू बे सागरी उद्यान (२००८) व पॉइंट देस्नी पाणथळ (२०११) ही दोन रामसर स्थळे, तसेच दुर्मीळ वनस्पती व पक्ष्यांचे इल ओ एग्रेत हे राखीव बेट आहे. प्रवाळ, खारफुटी आणि मासेमारी यांवर किनाऱ्यालगतच्या कुटुंबांचा चरितार्थ अवलंबून असल्याने हानी केवळ निसर्गाची नव्हती.

सहकार्याचे स्तर

पहिला प्रतिसाद स्थानिक नागरिकांचा होता. त्यांनी उसाचे पाचट कापडी पिशव्यांत भरून तरंगते अडसर तयार केले. त्यानंतर फ्रान्सने शेजारच्या रियुनियन बेटावरून सामग्री पाठविली, तर जपानने तज्ज्ञांचे पथक धाडले. १६ ऑगस्टला भारताने वायुदलाच्या विमानातून ३० टनांहून अधिक सामग्री आणि तटरक्षक दलाचे दहा जणांचे पथक रवाना केले. त्या सामग्रीत तेल रोखणारे अडसर, तेल उपसणारी यंत्रे व शोषक पट्ट्या होत्या.

या मदतीमागे करारांची चौकट आहे. तेलप्रदूषणासाठी सज्जता व परस्परसाहाय्य यांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९९० चा, तर पश्चिम हिंदी महासागरासाठीचा नैरोबी करार १९८५ चा आहे. मात्र करार सामग्री वेळेवर पोहोचविण्याची हमी देत नाहीत. जहाज अडकल्यापासून गळती सुरू होईपर्यंतचे बारा दिवस हेच येथे निर्णायक ठरले.

भरपाईचा प्रश्न

दुसरी मर्यादा कायद्याची आहे. तेलवाहू जहाजांच्या गळतीसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय निधी आहे. 'वाकाशिओ' तेलवाहू नसल्याने त्याला तो लागू झाला नाही. येथे जहाजांच्या इंधनतेलाविषयीचा २००१ चा करार लागू होतो. तो विमा सक्तीचा करतो. परंतु त्यात पूरक निधीची तरतूद नाही आणि जहाजमालकाला आपले दायित्व मर्यादित करता येते. मॉरिशसमध्ये त्या वेळी १९७६ च्या कराराची मर्यादा लागू होती. १९९६ च्या सुधारित मर्यादा, ज्या जपानने स्वीकारल्या आहेत, त्याहून बऱ्याच अधिक आहेत. म्हणजे भरपाईची कमाल रक्कम हानीच्या मोजमापापेक्षा राष्ट्राने स्वीकारलेल्या करारावर अवलंबून राहते. द्वीपराष्ट्रांच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे.

ठाणे खाडीचा संदर्भ

हा धोका आपल्यापासून दूर नाही. मॉरिशसच्या आणीबाणीपूर्वी बरोबर दहा वर्षे, ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईनजीक 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल सांडले व नवी मुंबई, रायगडच्या किनाऱ्यांवरील खारफुटीत शिरले. २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य घोषित झालेली ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर स्थळ ठरली. त्याचे क्षेत्र सुमारे ६,५२१ हेक्टर आहे. तिच्या तोंडाशी बंदराची वर्दळ आहे, तर उल्हास नदी व कल्याण-डोंबिवली परिसरातील सांडपाण्याचा भारही येथील खाड्यांवर आहे. रामसर दर्जा तेल अडवीत नाही. तो केवळ रक्षणाची जबाबदारी अधोरेखित करतो.

समारोप

आंतरराष्ट्रीय सहकार्य आवश्यक आहे. पण ते पहिल्या काही दिवसांतील स्थानिक सज्जतेला पर्याय ठरत नाही. किनाऱ्यालगतच्या महाविद्यालयांनी खारफुटी, मत्स्यसंपदा व पाण्याची गुणवत्ता यांच्या नियमित नोंदी ठेवल्यास दुर्घटनेपूर्वीची स्थिती सिद्ध करता येईल. हानी मोजण्यास आणि भरपाई मागण्यास हाच पहिला पुरावा असतो. दुर्घटना घडून गेल्यावर तो नव्याने तयार करता येत नाही.